फक्त मिन्जीला कळलेलं वाक्य

मंडळी, आज दुपारी युनिव्हर्सिटीत जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवंय.

सिनेमाच्या ट्युटोरियलला एक जुना जपानी युद्धपट दाखवला. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हाचा. सैनिकांच्या छावणीत बळजबरीने आणलेल्या बायका, आणि त्यात एक कोरियन मुलगी. तिला खोलीत ढकलतात तेव्हा ती जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडते. खाली सबटायटल एवढंच: ‘कोरियन भाषेत बोलते’.

आमचा निम्मा वर्ग परदेशातून आलेला. माझ्या शेजारची मिन्जी कोरियातल्या सोलची. तिने तोंडावर हात दाबून धरला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

"गावाचं नाव सांगत होती. म्हणत होती, कुणीतरी माझ्या आईला कळवा."

मी परत आत गेले. ट्यूटरला म्हटलं, "तिचं वाक्य भाषांतरात यायला हवं ना?"

"हवंच. पण आपल्याकडे कॉपी हीच आहे, सॉरी," तो म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं. पण पुढची बॅच दारात उभी होती, त्यांनाही हाच सिनेमा बघायचा होता.

मिन्जी बाहेर बाकावर बसली होती. म्हणाली, "ती नटी आहे, कळतं मला. पण खऱ्या मुलीही अशाच ओरडल्या असतील. आणि तिथे कुणाला कोरियन येत नसेल."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मग तिची ट्राम आली.

आता घरी, वेरिबीला जाणाऱ्या ट्रेनमध्ये हे लिहितेय. तुम्ही काय बोलला असतात तिच्याशी?