किंकाळीबाईंचं दुपारचं काम

स्टुडिओत सगळे तिला किंकाळीबाई म्हणायचे आणि तिलाही त्याचं वाईट वाटत नसे. भुताखेताच्या सिनेमांच्या ट्रेलरमध्ये नायिका किंचाळायची तेव्हा तोंड नायिकेचं असायचं, गळा हिचा. धाप लागणं, हुंदका, उशीत दाबलेलं रडणं, सगळं ती मायक्रोफोनसमोर उभी राहून करायची आणि गळ्याला मफलर गुंडाळून घरी जायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन इतकी लांब गेली होती की तिची सकाळ म्हणजे हिची झोपायची वेळ. फोनवर दोघींपैकी एकीला तरी जांभई यायचीच.

एकदा ट्रेलर जोडणारा एडिटर म्हणाला, ‘‘ताई, स्टुडिओतली किंकाळी फार गुळगुळीत येते. या वेळी तुमच्या घरीच करा. भिंती, फरशी, बंद खिडक्या, सगळं ऐकू आलं पाहिजे.’’

त्याने दृश्य दाखवलं. कॅमेरा एका साध्या घराच्या पॅसेजमधून जमिनीलगत हळूहळू सरकत होता. भूतबीत कुठेच नाही. चपलांचं स्टँड, खुंटीवर टॉवेल, शेवटी अर्धवट उघडं दार.

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच. असं घर सगळ्यांचंच असतं, म्हणून तर भीती वाटते. दाराशी पोचलो की संगीत एकदम बंद. माणूस कान टवकारतो. आणि मग तुम्ही.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पंखा आणि फ्रिज बंद केला आणि रेकॉर्डर पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवला. शेजारी सांगून यावं असं मनात आलं. शेजारच्या घरात म्हातारे शिंपीकाका एकटेच राहायचे. पण सांगायचं काय? ‘मी आता किंचाळणार आहे, मनावर घेऊ नका’? तिचं तिलाच हसू आलं.

मग ती किंचाळली. बेंबीच्या देठापासून.

आता कोणीतरी धावत येणार, त्याला सगळं समजावून सांगावं लागणार, म्हणून तिने घाईघाईने केस सारखे केले. आलेल्या माणसाला चहा विचारावा, असंही ठरवून टाकलं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू केली. वरच्या मजल्यावर नळ वाहत होता, तो बंद झाला. बाकी काही नाही. तिला अजून एकदा किंचाळायचं होतं, पण तिने रेकॉर्डर बंद केला आणि बाल्कनीतले वाळलेले कपडे काढायला गेली.

दोन दिवसांनी एडिटरने हेडफोन लावून ते ऐकलं आणि खुर्चीतून उठलाच. ‘‘ताई, हे काय आहे? किंकाळीनंतरचं?’’

तिने हेडफोन कानाला लावले. स्वतःची किंकाळी विरली आणि मग भिंतीपलीकडून स्लीपर घसटत आल्या. थांबल्या. कडी सरकली, अर्ध्यावर अडकली आणि सावकाश परत जागेवर गेली.

‘‘हे असं मुद्दाम करून मिळत नाही!’’ एडिटर म्हणाला. ‘‘पडदा काळा करतो आणि फक्त हेच ठेवतो.’’

संध्याकाळी तिने शिंपीकाकांची बेल वाजवली. दार फटीएवढं उघडलं.

‘‘काका, परवा दुपारी मी ओरडले, ते ऐकलंत ना तुम्ही?’’

त्यांचा चेहरा उतरला. ‘‘ऐकलं. दारापर्यंत आलो होतो, ताई. हात कडीवर होता. पण बाहेर काय असेल आणि मी म्हातारा काय करणार... कडी परत लावली. मग तुम्ही बाल्कनीत वाळलेले कपडे काढताना दिसलात, तेव्हा जीव भांड्यात पडला.’’

‘‘ते माझं काम होतं, काका. सिनेमासाठी. पुढच्या वेळी आधी सांगेन.’’

काकांनी मान हलवली, मग जरा घुटमळले. ‘‘पण सांगितलंत, आणि मग कधी खरोखरच ओरडलात तर?’’

तिने विषय बदलला. रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या कडीचा आवाज आलाय, तो वापरला तर चालेल का, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘‘वापरू दे. माझं नाव थोडंच येणार आहे त्यावर.’’ बरोबर सिनेमाला येणार का, तर दोन्ही हात वर करून म्हणाले, ‘‘नको हो, मला फार भीती वाटते.’’

म्हणून ती एकटीच गेली. सिनेमा दुसराच कुठला तरी होता, तिला फक्त त्याआधीचा ट्रेलर बघायचा होता. कॅमेरा सरकत दाराशी आला, संगीत तुटलं, तिची किंकाळी फुटली आणि पडदा काळा झाला. स्लीपर घसटत आल्या तेव्हा थिएटरमध्ये कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. कडी सरकली तशी शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने तिचं मनगट गच्च धरलं. बोटं गार पडली होती. तिने हात तसाच राहू दिला.

पडद्यावर उजेड आल्यावर मुलीने वळून पाहिलं आणि चटकन हात काढून घेतला. ‘‘सॉरी काकू, मला वाटलं माझी मैत्रीण आहे.’’ मैत्रीण पलीकडच्या बाजूला होती. दोघी खुसुखुसू हसायला लागल्या.

‘‘असू दे गं,’’ ती म्हणाली.

ट्रेलर संपला की निघायचं, असं ती घरून ठरवून आली होती. पण सिनेमा सुरू झाला आणि ती तशीच बसून राहिली, मुलीने धरलेला तो हात दोघींच्या मधल्या दांडीवर ठेवून.