हेमराजचं वाक्य संपेपर्यंत

आमच्या अंगणवाडीत मी सेविका आणि कमळाबाई मदतनीस. कागदावर तिचं काम एवढंच: खोली झाडायची, खिचडी शिजवायची, लेकरांना घरून आणायचं आणि परत पोचवायचं. शिक्षण चौथीपर्यंत. पण कुरखेड्याजवळच्या या गावात तिने एकोणीस वर्षं लेकरं सांभाळलीत. मला इथे येऊन सहाच झालीत.

पाच वर्षांची लेकरं तिची विशेष लाडकी. ती म्हणते, "चार वर्सांपर्यंत लेकरू आपलं राह्यते. पाचव्यात ते त्याचं सोताचं होते." तांदूळ निवडता निवडता तिचं सगळ्यांवर लक्ष असतं. कोण एका पायावर उड्या मारू लागलं, कुणी पाटीवर काढलेल्या माणसाला आता मान आली, कोण खेळाचा नियम स्वतःच करून स्वतःच मोडतं. प्रियाने एकदा सांगितलं की तिची खिचडी मांजरीने खाल्ली. आमच्याकडे मांजर नाही. कमळाबाईने तिला आणखी एक पळी वाढली आणि विचारलं, "कोन्या रंगाची व्हती मांजर?"

धनराज आणि पुनमचा हेमराज या सगळ्यांत बोलका. रोज दारातूनच त्याची बातमी सुरू व्हायची. दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत, तो अडखळू लागला. आधी "म-म-मले" एवढंच. मग काही शब्द निघेचनात. मान ताणायची, डोळे घट्ट मिटायचे, ओठ थरथरायचे. त्या आठवड्यात हत्तींचा कळप शिवारातून गेला होता, म्हणून गावाने ठरवलं की पोरगं हत्तीला भ्यालं. आजीने गळ्यात काळा दोरा बांधला. खरं तर हत्ती आले त्या दिवशी हेमराज नागभीडला मामाकडे होता.

धनराज माणूस चांगला, पण धास्तावला होता. मुलाला सोडायला आला की माझ्यासमोरच म्हणायचा, "नीट बोल. पुन्हा बोल. घाई काऊन करतं?" लेकरं नक्कल करू लागली. हेमराजने बातम्या सांगणं बंद केलं. विचारलं तर मान हलवायचा. मग एक दिवस बुधूने त्याचं "म-म-म" करून दाखवलं आणि हेमराज त्याच्या मनगटाला कडकडून चावला.

मी त्याला कोपऱ्यात बसवलं आणि धनराजला काय सांगायचं ते पुटपुटत जुळवू लागले: पोरगा हट्टी झालाय, मारकुटा झालाय. कमळाबाई बुधूच्या हाताला हळद लावत होती. लेकरं घरी गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली.

"बाई, तो मारकुटा नाई. त्याच्यापाशी तेव्हा दातच व्हते, शब्द नव्हते."

मग तिने मला डोमाबद्दल सांगितलं. डोमा तिचा थोरला भाऊ. तोही लहानपणी असाच अडखळायचा. बापाने मारलं, शाळेत हसले, कुणी जिभेखाली खडा ठेवायला लावला. "अन् मी तं त्याच्यावर लय जीव लावो. तो अडकला का मीच त्याचं वाक्य पुरं करून देवो. मले वाटे मदत करून राह्यली. आता साठीचा झाला, दुकानात गेला तरी बोट दाखवते." तिने बोटांची हळद पदराला पुसली. "हेमराजचं तसं नाई होऊ द्याचं."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी धनराजच्या घरी गेलो. तो अंगणात पेंढ्या रचत होता. कमळाबाईने त्याला बसायला सांगितलं आणि हेमराजला विचारलं, "तुह्या मामाकडं काय काय पाह्यलं?"

"रे-रे-" हेमराज अडकला. धनराजचे ओठ हलले. कमळाबाईने त्याच्या हातावर हात ठेवला.

"थांब धनराज. त्याचं हाये ते, त्याले बोलू दे."

आम्ही थांबलो. फार नाही, पण मोठ्या माणसांना ते फार वाटतं. मग हेमराज म्हणाला, "रेल्वे पाह्यली. दोन पाह्यल्या. एक नुसत्या डब्याची व्हती, तिच्यात माणसंच नाई." आणि तो बोलतच राहिला, अडखळत, पण थांबला नाही. धनराज खाली मान घालून ऐकत होता.

पुढच्या महिन्यात लेकरं तपासायला डॉक्टरांचं पथक आलं. त्यांनी गडचिरोलीच्या दवाखान्यात वाचा तपासणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी दिली. त्या बाईंनी सांगितलं की या वयात असं पुष्कळ लेकरांना होतं, यात आईबापाची चूक नाही आणि भीतीचाही संबंध नाही. बऱ्याच जणांचं जातं, काहींचं राहतं, म्हणून दाखवत राहा. घरी आपण हळू बोला, वाक्य मध्ये तोडू नका, रोज थोडा वेळ फक्त त्याच्यासाठी ठेवा. पुनम परत येऊन म्हणाली, "कमळाबाईनं सांगितलं तेच सांगितलं, फक्त टेबलाच्या पल्याडून."

अंगणवाडीत कमळाबाईने नवा नियम काढला. खिचडीआधी ज्याची पाळी त्याने एक गोष्ट सांगायची, आणि ती संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवायचा. पाच वर्षांच्या लेकरांना नियम फार आवडतात. बुधू तर पहारेकरीच झाला. हेमराजच्या पाळीला कुणी हसलं की तोच जाऊन हसणाऱ्याचा हात त्याच्या तोंडावर ठेवायचा.

संक्रांतीला कमळाबाई डोमाकडे जाऊन आली. काय झालं ते तिने मला भांडी घासताना सांगितलं. ती जेवायला बसली आणि काही बोललीच नाही. डोमाने सुरुवात केली, अडकला, तिच्याकडे पाहिलं. ती जेवत राहिली. शेवटी त्याने विचारलं, "तुह्या अंगणवाडीत किती लेकरं हायेत?" तिने सांगितलं, सव्वीस. "एवढ्या वर्सांत पह्यल्यांदा पुसलं त्यानं मले," ती म्हणाली आणि खिचडीचा गंज धुऊन पालथा घातला.

उन्हाळ्यापर्यंत हेमराजचं अडखळणं पुष्कळ कमी झालं. रागात किंवा आनंदात असला की अजून अडकतो. जूनमध्ये तो पहिलीला गेला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कमळाबाई नव्या गुरुजींना भेटायला गेली. त्यांनी चहा मागवला, पण हेमराजचं वाक्य मध्ये तोडणार नाही असं ते कबूल करेपर्यंत ती तिथून हलली नाही.