हेल्पडेस्कवरच्या सरोजकाकू

कॉम्प्युटर त्रास देतोय असा फोन आला की सरोजकाकू देशकर घडीचं स्टूल काखेत मारून निघायच्या. तक्रार करणाऱ्याच्या मागे, जरा डावीकडे, ते मांडायच्या आणि सांगायच्या, "तुमचं काम चालू द्या. मी इथे नाहीच असं समजा." मग अर्धापाऊण तास नुसत्या बघत बसायच्या. माउसला हात लावणं नाही, मध्ये बोलणं नाही. हेल्पडेस्कवरची बाकीची मंडळी फोनवरूनच 'रीस्टार्ट करून बघा' म्हणत दिवसभरात ढीगभर तक्रारी मिटवायची. काकूंच्या जेमतेम सहासात व्हायच्या. पण त्यांनी मिटवलेली तक्रार सहसा परत यायची नाही.

मी २००३ साली पुण्याहून वर्क व्हिसावर न्यू जर्सीत आलो आणि वेस्ट विंडसरजवळच्या एका आयुर्विमा कंपनीत प्रोग्रॅमर म्हणून लागलो. गाडी नव्हती. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला उभा होतो, तर एक जुनी निळी गाडी शेजारी थांबली. काच खाली करून पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई मराठीत म्हणाल्या, "काय करून राहिला इथे? या रस्त्याला बस येत नाही. चल, बैस गाडीत." त्या सरोजकाकू. ऑफिसातल्या यादीत माझं आडनाव त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं आणि मला तिथे पाहिलंही होतं. त्या दिवसापासून पुढची दोनेक वर्षं मी त्यांच्या गाडीतून ऑफिसला गेलो. अमेरिकेत तीस वर्षं काढूनही त्यांच्या बोलण्यातलं नागपूर तसंच होतं.

त्या याच कंपनीत सुरुवातीला डेटा एन्ट्रीला लागल्या होत्या. एकदा रूट वन हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना त्यांनी सांगितलं, "माझं टेबल उंच होतं. मनगटं इतकी दुखायची की घरी पोळ्या लाटता यायच्या नाहीत. मॅनेजर म्हणायचा, तू स्लो आहेस. मलाही तसंच वाटायचं. दोन वर्षांनी नवीन फर्निचर आलं तेव्हा कळलं, स्लो मी नव्हते, टेबल उंच होतं." मग म्हणाल्या, "लोक म्हणतात, माणसाला मशीन येत नाही. अरे, बरेचदा मशीनला माणूस येत नाही."

मला ते तेव्हा गमतीदार वाक्य वाटलं होतं.

पुढच्या वर्षी आमच्या टीमने मृत्यूदाव्यांच्या विभागासाठी नवीन प्रोग्रॅम केला. पॉलिसीधारक गेला की घरचं माणूस या विभागाला फोन करायचं आणि कर्मचाऱ्याने ते बोलत असताना माहिती स्क्रीनवर भरायची. तो स्क्रीन मी लिहिला होता. सुरक्षेच्या नियमाप्रमाणे दहा मिनिटं काही टाइप केलं नाही तर तो आपोआप बंद व्हायचा. तोवर भरलेलं सेव्ह करून ठेवायची सोय कामांच्या यादीत होती, पण प्रोग्रॅम सुरू करायची तारीख जवळ आल्यावर मीच ती 'नंतर' या रकान्यात ढकलली. बंद पडला की सगळं पुसलं जायचं. दहा मिनिटं कोण हात बांधून बसणार आहे, असा माझा हिशोब.

दोन महिन्यांनी काकू मला म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्याबरोबर डोलोरेसकडे चल. आणि तोंड बंद ठेव."

डोलोरेस त्या विभागातली सगळ्यात जुनी बाई. साठीची, पांढरे केस, चष्म्याला मण्यांची दोरी. नवीन प्रोग्रॅम आल्यापासून तिचं काम निम्म्यावर आलं होतं आणि मॅनेजर क्रेगने तिला लेखी ताकीद दिली होती. आम्ही मागे जाऊन बसलो. पहिला फोन एका बाईंचा होता, नवरा आठवड्यापूर्वी गेलेला. डोलोरेसने नाव आणि पॉलिसी नंबर टाइप केला. पलीकडे बहुधा रडणं सुरू झालं असावं, कारण तिने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "मी आहे इथे, घाई नाही," एवढंच ती मधून मधून म्हणत होती. मग पिवळ्या पॅडवर पेन्सिलीने काहीतरी लिहू लागली. स्क्रीन बंद झाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. फोन संपल्यावर तिने पॅडवरचं सगळं पहिल्यापासून टाइप करायला घेतलं.

काकूंनी विचारलं, "फोन चालू असतानाच का नाही भरत?"

डोलोरेस ओशाळून म्हणाली, "कुणी रडत असताना मला टाइप करता येत नाही. त्यांना ते खटखट ऐकू जातं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात मीटिंग झाली. काकूंनी चार दिवसांत पाहिलेलं सगळं क्रेगसमोर मांडलं. त्याने विचारलं, "बंद पडला की सगळं पुसायचं, हे कुणी ठरवलं?" माझ्या ग्रीन कार्डचे कागद नुकतेच वकिलाकडे गेले होते. नोकरी गेली तर सगळंच गेलं. मी वहीत रेघा मारत बसलो. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ते शोधता येईल. दुरुस्त करणं जास्त महत्त्वाचं आहे." क्रेग म्हणाला, दुरुस्तीचं बघू, पण काही लोकांना नवीन गोष्टी जमत नाहीत हेही खरं आहे. मीटिंग संपली.

संध्याकाळी काकूंनी मला नेहमीसारखं घरी सोडलं. माझ्या अपार्टमेंटपाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "मी तुझं नाव घेणार नाही. तुझी अडचण मला कळते. पण त्या ताकीदपत्रावर तिचं नाव आहे, एवढं लक्षात असू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्रेगच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं की तो निर्णय माझा होता. त्याने विचारलं, "दुरुस्तीला किती वेळ लागेल?" म्हटलं, "दोन दिवस." तो म्हणाला, "मग इथे का उभा आहेस?" ज्या भीतीने मी आदल्या दिवशी मान खाली घातली होती, ती एवढ्यावर संपली. नेहमीच ती एवढ्यावर संपते असं नाही, हे मला आता माहीत आहे. काकूंना तेव्हाही माहीत असणार. म्हणूनच त्यांनी मला ढकललं नाही.

दुरुस्ती झाली, ताकीद मागे घेतली गेली. काकूंच्या सांगण्यावरून मी डोलोरेसची माफी मागायला गेलो. ती रागावली नाही. चष्मा काढून म्हणाली, "माझ्या आईला उतारवयात विसरण्याचा आजार होता. मला वाटलं, माझंही सुरू झालं. डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती." एवढं बोलून तिने पुढचा फोन घेतला.

त्यानंतर कुठलाही प्रोग्रॅम सुरू करण्याआधी दोन दिवस तो वापरणाऱ्यांपाशी जाऊन बसायचं, असा नियम मी स्वतःला घातला. काकू गाडीत चौकशी करायच्या, "आज कुणापाशी बसला होतास? काय दिसलं?" मी प्रोग्रॅमबद्दल बोलू लागलो की म्हणायच्या, "ते नको. माणूस काय करून राहिला होता ते सांग."

२००८ मध्ये कंपनीने हेल्पडेस्क भारतात हलवायचं ठरवलं, तेही पुण्याला. काकूंची नोकरी जाणार होती आणि जाण्याआधी तिकडच्या नवीन टीमला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली होती. मी चिडलो. म्हटलं, "काकू, कशाला जीव तोडून शिकवताय? मॅन्युअल पाठवा आणि मोकळ्या व्हा."

"त्या पोरांनी काय केलंय माझं?" त्या म्हणाल्या. "आणि इथले लोक उद्या कुणाला फोन करतील? त्यांच्यामागे जाऊन बसायलाही कुणी नसणार."

तीन आठवडे त्या रोज सकाळी लवकर येऊन पुण्याशी फोनवर बोलत आणि उरलेल्या वेळात काहीतरी टाइप करत. शेवटच्या दिवशी मृत्यूदाव्यांच्या विभागाने केक आणला. डोलोरेस तोवर निवृत्त झाली होती, तरी खास आली आणि त्यांचा हात धरून बसली. काकू महिन्याभराने दूर पश्चिम किनाऱ्यावर, मुलीकडे क्युपर्टिनोला राहायला गेल्या. आता त्या नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा कळलं, शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या नर्सला त्या विचारत होत्या, हे मशीन रोज तुला कुठे अडवतं?

त्या तीन आठवड्यांत काय टाइप करत होत्या, ते मला त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी कळलं. काही कामासाठी पुण्याच्या टीमने ती फाइल मला पाठवली. आम्हा दोनशे माणसांची यादी होती. नावापुढे मशीनचा नंबर आणि त्याच्यापुढे दोनतीन ओळी. एकाला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हळू बोला. एकीला लाल आणि हिरवा रंग ओळखता येत नाहीत, बटणाचा रंग सांगू नका, जागा सांगा. एक जण ओरडेल, पण वाईट माणूस नाही, ओरडून झालं की ऐकतो.

मी खाली खाली जात माझं नाव शोधलं. पुढे लिहिलं होतं, "हा स्वतःहून कधी मदत मागणार नाही. मधून मधून तुम्हीच फोन करून विचारत जा."