इंजिनामागचा डबा

मी मूळचाच संशयी. त्यात नोकरी मिळाली ती कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या वजनकाट्यावर. बैलगाडीतला कापूस वरून कितीही कोरडा दिसो, कोपरापर्यंत हात घालून तो आतून ओला तर नाही ना, हे पाहायचं, हेच माझं काम. दिवसभर असा हात घालून पाहणारा माणूस घरी गेल्यावर एकदम कुणावर विश्वास कसा ठेवणार?

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आम्ही यवतमाळात राहायचो आणि बायकोचं माहेर दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात. सासूबाई आजारी असल्याचा निरोप आला, तशी माझ्या मनात पाल चुकचुकली. लेकीला बोलावून घ्यायला आजारपणाइतकं सोपं निमित्त दुसरं कोणतं? एकदा गेली की महिनाभर ठेवून घेतील, असं मी ठरवूनच टाकलं. शेवटी सोमवारी जायचं आणि शनिवारच्या गाडीनं परत यायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं, तेव्हा कुठे तिला स्टेशनवर सोडायला निघालो.

दारव्ह्याकडून येणाऱ्या, अरुंद रुळांवरच्या लहान गाडीचा रस्ता यवतमाळला संपतो, पुढे रूळच नाहीत. आम्ही पोचलो तर इंजिन डब्यांना सोडून एकटंच निघालेलं. गाडी रद्द झाली आहे आणि आम्हाला सांगत नाहीत, अशी माझी खात्रीच झाली. रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याला मी गाठलं. म्हातारा तंबाखू मळता मळता मलाच विचारू लागला, की गाडीला आल्या वाटेनं परत जायचं, तर इंजिनाला दुसऱ्या टोकाला जायला वाट नको का? त्यासाठीच शेजारी दुसरा रूळ टाकलेला. इंजिन पुढे जाऊन सांध्यावरून त्या रुळावर जातं, डब्यांच्या बाजूनं मागे येतं, पलीकडच्या सांध्यावरून परत आपल्या रुळावर येतं आणि डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडलं जातं. ही सोय नसती तर रुळाचा शेवट आणि डबे यांच्यामध्ये इंजिन कोंडूनच पडलं असतं.

त्यानं सांगितलं तरी मी ते सगळं होईपर्यंत उभा राहून पाहिलं. इंजिन येऊन लागलं ते नेमकं बायकांच्या डब्याला. मला बरं वाटलं, ओळखायला सोपं झालं, इंजिनामागचा पहिला डबा. बायकोला त्यातच बसवलं आणि येतानाही याच डब्यात बस, असं दोनदा बजावलं.

शनिवारी दुपारी गाडीच्या अर्धा तास आधीच मी फलाटाच्या पार टोकाला, इंजिन थांबतं तिथं जाऊन उभा राहिलो. गाडी आली. इंजिनामागच्या डब्यातून पागोटेवाले उतरले, टोपल्या उतरल्या, एक बकरी उतरली. ही काही उतरली नाही. मी आत डोकावून पाहिलं, मग पुन्हा डोकावलो. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं, कारण माझा अंदाज बरोबर निघाला होता. सासऱ्यांना लिहायच्या पत्राची पहिली चार वाक्यंसुद्धा मनात तयार झाली.

इंजिन सोडवायला तोच सांधेवाला आला. मी त्याला तावातावानं म्हणालो, की पहिल्या डब्यात बसायला सांगितलेली बाई आलीच नाही.

"डबे थोडीच फिरते बापा? इंजिन फिरते," तो म्हणाला. "जातानी जो डबा म्होरं होता, तो येतानी मांगं."

मी वळून पाहिलं. गाडीच्या दुसऱ्या टोकाला ती पत्र्याची पेटी पायाशी ठेवून उभी होती आणि माझ्याकडेच पाहत होती. केव्हापासून, कोण जाणे. जवळ जाऊन मी विचारलं, हाक का मारली नाही?

"मारली. तुमी मांगं पाह्यलंच नाही."

मग मी सासूबाईंची चौकशी केली, तीही करायची म्हणून.

"माय पाणीबी गिळत नाही," ती म्हणाली. "माहा हात सोडत नोती. पण आज नसती आली, तं तुमाले काहीबाही वाटलं असतं."

तेवढ्यात इंजिन शेजारच्या रुळावरून फिरून आलं आणि तिच्याच डब्याला लागलं. ती थोडा वेळ डब्याकडे पाहत राहिली.

"गाडी उभीच हाये अजून," ती हळूच म्हणाली.

तिला काय म्हणायचं आहे, ते मला कळलं. गाडी सुटायला वेळ होता. मी फक्त जा म्हणायचं होतं. पण आलेली बाई घराचं तोंडही न पाहता परत जायला निघते, यातही मला काहीतरी काळंबेरं दिसलं. मी पेटी उचलली, चल घरी म्हणालो आणि चालू लागलो. ती मागून आली.

सोमवारी माणूस निरोप घेऊन आला. सासूबाई रविवारी पहाटे गेल्या होत्या. शेवटपर्यंत लेकीला विचारत होत्या म्हणे. ते ऐकताना मला माझी लाज वाटली, अजूनही वाटते. बायकोनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढे मुलंबाळं झाली, संसार चारचौघांसारखा झाला. ती वडिलांना भेटायला, भावाच्या लग्नाला, कितीतरी वेळा माहेरी गेली. पण परत कोणत्या दिवशी येणार, हे तिनं पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.