व्हरांडाभर वाचलेलं पाणी

चहा प्या सावकाश, पण पाणी मागू नका. का ते सांगतो. हसायचं तेवढं हसा, माझ्यात आता लाजायचंसुद्धा त्राण उरलेलं नाही.

यंदा दुष्काळाचं साल. बजाजनगरात नळ आठवड्यानं येतो, तोही त्याच्या मर्जीनं. आमच्या टाकीला तडा गेलेला, त्यामुळं सगळा संसार बादल्यांवर. कपडे धुतलेलं पाणी बायकोच्या, म्हणजे मंदाच्या कढीपत्त्याला. तो तिनं माहेरून, देवगाव रंगारीहून आणलेला. एकवेळ मी वाळलो तर चालेल, तो वाळता कामा नये!

अशात माझ्या हातून सोफ्यावर वरण सांडलं. वरण म्हणजे डाग, डाग म्हणजे धुणं, धुणं म्हणजे पाणी! मी बाजारातून डाग धरू न देणारा स्प्रे आणला आणि सोफ्याच्या कव्हरांवर मारला. वर चहा ओतून पाहिला. थेंब न थेंब घरंगळला! मला तर शास्त्रज्ञ झाल्यासारखं वाटलं. गल्लीत घरोघरी जाऊन दाखवलं, "धुणंच नको, पाणी वाचवा!" बघता बघता गल्लीभर स्प्रे.

पण वास हो! डोकं उठायचं. शेवटी मी कव्हरं बादलीत बुचकळून काढली. मग पाणी वाचलं कुठं म्हणता? गप्प चहा प्या.

बादली घेऊन कढीपत्त्याकडं निघालो, तोच माझी भाची केतकी आली. ती शेंद्र्याच्या कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं काम करते, वासावरूनच तिनं ओळखलं.

"मामा, थांबा! त्या स्प्रेतलं केमिकल कुजत नसतं. मातीत राहतं, पानात उतरतं."

"मग मोरीत ओततो."

"तिथून नाल्यात, नाल्यातून नदीत. शुद्धीकरणातूनबी निसटतं ते."

"अगं, मग ओतू कुठं?"

"तेच तर कुणाला धड माहीत नाय."

मंदानं पदर खोचला. "माझ्या झाडाला थेंब जरी लागला ना, तर बघा!"

मी बादली व्हरांड्यात ठेवली. पण बातमी गल्लीभर झाली. वासानं सगळेच वैतागलेले, सगळ्यांनीच कव्हरं बुचकळलेली. संध्याकाळी शेजारचे भगवानराव भरली बादली घेऊन हजर.

"काय हो काका, हे झाडाला घालायचं नाय, मोरीत ओतायचं नाय. मंग तुमचं तुम्हीच सांभाळा."

त्यांनी बादली टेकवली, आमची रिकामी उचलली आणि चालते झाले. मागोमाग त्यांच्या पलीकडच्या वहिनी, मग समोरचे, मग कोपऱ्यावरचे. भरली ठेवायची, रिकामी न्यायची! कोणत्या तोंडानं नको म्हणणार होतो मी?

सकाळी नळ आला. गल्लीभर खळखळाट! "अहो, बादल्या आणा, लवकर!" मंदा ओरडली.

बादल्या? मी घर पालथं घातलं. कुकर भरला, चहाचं पातेलं भरलं, तांब्या भरला, देवघरातली पळीसुद्धा सोडली नाही. तेवढ्यात नळानं एक उचकी दिली आणि गेला. आठवड्यासाठी.

मंदानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या भरलेल्या बादल्यांच्या रांगेकडं. ती चिडलीसुद्धा नाही हो, नुसती दमून खाली बसली.

"सगळ्या गल्लीला पाणी वाचवायला शिकवलं न्हाई का तुम्ही? बघा, किती वाचलंय!"