ब्रेकबाईंनी स्टिअरिंग धरलं

गल्लीत कुणाला गाडी शिकायची असली की पावलं एकाच दाराकडे वळायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंच्या. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला की दाबायला. म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणत. बाई रागवत नसत. "ब्रेक आहे म्हणून तर तुमचे हातपाय शाबूत आहेत," म्हणत.

पण एक गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती. बाईंनी स्वतः स्टिअरिंग धरल्याला कित्येक वर्षं लोटली होती. घरी गाडी नाही, आणि स्कूलच्या गाडीत दिवसभर शेजारच्या सीटवर. पोहायला शिकवणाऱ्यानं जन्मभर काठावर उभं राहावं, तसलंच ते. आपला हात गेला असेल तर? ही धास्ती त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

आणि आता घरात गाडी घ्यायचं निघालं. छोटीच, पण उंच, एसयूव्हीच्या तोंडवळ्याची. नवऱ्याचं सलून, गाडीतलं त्याला आरशापुरतंच कळे. तो म्हणाला, "तू चालवून बघ. तू हो म्हणालीस की घेऊ." थोरली नणंद बरोबर निघाली, कुणी बोलावलं नसताना.

शोरूमच्या सेल्समननं चावी पुढे केली. बाई तडक गेल्या, शेजारच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावून मोकळ्या झाल्या.

सेल्समन चावी धरून तसाच उभा. "मॅडम, मी चालवू का?"

नणंद मागून खिदळली. "अगं वहिनी, गाडी बघायला आलीस की फुकट फिरायला?"

बाईंचे कान तापले. उतरल्या, चावी घेतली आणि वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसल्या; सेल्समन शेजारी, नवरा आणि नणंद मागे. चावी फिरवली, क्लच सोडला, आणि गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. नवरा खिडकीबाहेर असं काही बघू लागला की जणू तिथं सर्कस आली होती.

मग बाईंनी पाठ ताठ केली आणि रोजच्या शिकवण्याच्या आवाजात बोलू लागल्या, "आरसा बघा. क्लच पूर्ण दाबा. पहिला गियर. गाडी सुटतेय का कुठं? नाही ना? मग सोडा हळूहळू."

"मी काय सोडू, मॅडम?" सेल्समन दचकून म्हणाला.

"तुम्ही काही सोडू नका. मी त्या बाईंना सांगतेय."

आणि त्या बाईंनी ऐकलं. गाडी अलगद निघाली.

पाच-दहा मिनिटांत बोलणं थांबलं, हात आपले आपण चालू लागले. उंच बसल्यानं पुढचा रस्ता ताटात वाढल्यासारखा दिसत होता. गियर तेल घातलेल्या कुलपासारखा फिरत होता. खड्डा आला की गाडी कुरकुरायची, पण आदळआपट नाही. वळणावर मात्र कंबरेत जरा लचकायची. मागची काच अगदीच बेताची. "मागे घेताना मान मोडेल माणसाची," बाई म्हणाल्या, आणि सेल्समननं निमूट मान हलवली.

पुलाच्या ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला. मागे एक टेम्पो शेपटीला नाक लावून उभा.

"वहिनी, मागे जाईल गं!"

"गेली तर तुम्हीच आधी पोचाल, ताई. मागं बसलाय ना."

ट्रक हलला. इंजिनानं सूर बदलला, बाईंनी हँडब्रेक सोडला आणि गाडी बोटभरही मागे न सरकता पुढे निघाली.

"चढावर गाडी आपोआप धरते, मॅडम," सेल्समननं सांगितलं.

"धरत असेल बापडी. आज मी धरलीय."

शोरूमपाशी सगळे उतरले. बाई उतरल्या नाहीत.

"काय गं, घ्यायची ना?" नवऱ्यानं खिडकीत वाकून विचारलं.

"सांगते. आधी एकटीनं एक चक्कर मारून येते." काच वर गेली आणि गाडी फाटकाबाहेर पडलीसुद्धा.

सेल्समन कावराबावरा होऊन बघत राहिला. "अहो, एकटं जाऊ देत नाहीत आम्ही कुणाला!"

"कुणाला नसाल देत," नणंद पदर सावरत म्हणाली, जणू गाडी तिनंच शिकवली होती. "ती माझी वहिनी आहे."