इथे गळा कोणी बघत नाही

आत्या काल गेली, आणि तिच्या निधनाचं कार्ड करायचं काम माझ्याकडे आलं.

साहजिक आहे. घरात डिझायनर मीच.

सॉफ्टवेअर मी क्लासमध्ये शिकले. बाकी सगळं आत्याकडे, जेवणाच्या टेबलावर. कुठे रिकामं सोडायचं, कुठे थांबायचं, फोटो कुठे कापायचा.

कुठलीही पोस्ट अपलोड करण्याआधी मी तिला दाखवायची. मला भीती वाटते म्हणून. ती चष्मा लावायची आणि चित्राकडे न बघता आधी विचारायची, "बघणारा कोण आहे?"

हा प्रश्न मुळात तिचा नाही. तो कुठून आला, ते तिनं मला बरेचदा सांगितलंय. तेच लिहिते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. आजोबा बंगालात रेल्वेत होते, घर गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये. ते अचानक गेले. आत्या नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली, माझे बाबा शाळेत.

क्वार्टर सोडायची होती. साताऱ्याहून मोठ्या काकांचा निरोप आला, "सगळे इकडे या. पोरीचं लग्न बघू."

आत्याला जायचं नव्हतं. तिला चित्रं काढायची होती, आणि त्यासाठी पगार हवा होता.

एस्प्लनेडला एका जुन्या इमारतीत जाहिरातींचा स्टुडिओ होता. मालक निखिलदा. त्यांनी तिला एक काम देऊन बघितलं. साडीच्या दुकानाची पूजोची, म्हणजे दुर्गापूजेची जाहिरात, वर्तमानपत्रासाठी, काळ्या शाईत. जमलं तर नोकरी. नाही तर सातारा.

जाहिरातीत आई हवी होती. नवी साडी हातात घेऊन हसणारी.

आत्यानं आपल्याच आईला समोर बसवलं.

आजीच्या गळ्यात तेव्हा काही नव्हतं, कपाळही मोकळं. ते आत्यानं आठवणीतून काढलं. ठसठशीत कुंकू, दोन वाट्यांचं मंगळसूत्र. हात मात्र समोर दिसत होते तसे काढले.

निखिलदांनी चित्र खिडकीशी नेलं. बराच वेळ बघितलं.

"ये किसका माँ है?"

"मेरी."

"बाबा नहीं हैं?"

आत्या म्हणाली, "नहीं. पर आपको कैसे..."

"दिखता है."

"गले में मंगलसूत्र है, दादा."

"इधर गला कोई नहीं देखता. हाथ देखता है, माँग देखता है. शाँखा नहीं, सिंदूर नहीं."

शेजारच्या टेबलावरचा आर्टिस्ट मान वर न करता म्हणाला, "पूजो का साड़ी, और पहननेवाली बिधवा! दुकानदार हम सबको गंगा में डालेगा, दीदी."

सगळे हसले. आत्याही हसली, असं ती सांगायची. मला ते खरं वाटत नाही.

निखिलदा म्हणाले, "चेहरा बदल दो. कोई भी बंगाली माँ बना दो. कल सुबह चाहिए."

आत्या ते चित्र पिशवीत घालून बसनं घरी आली. चेहरा बदलणं सोपं होतं. पण त्या चित्रात चांगलं काय होतं, तर तो चेहराच. आणि त्याच चेहऱ्याला शेंदूर लावायचा, तर विचारायला हवं होतं.

आजी पोळ्या करत होती.

"आई, चित्रात तुझ्या हातात बांगड्या काढू?"

आजीनं तव्यावरची पोळी उलटली. "कसल्या?"

"इकडच्या बायका घालतात तशा. शंखाच्या, पांढऱ्या."

"आणि?"

"भांगात शेंदूर."

"आपल्यात भांगात भरत नाहीत."

"माहीत आहे."

आजीनं गॅस बारीक केला. "बघणारे कोण आहेत?"

"इथलेच सगळे."

"मग त्यांना कळेल असं काढ." हात पुसून ती पुन्हा समोर येऊन बसली. "पण या वेळी हात नीट बघ. माझा अंगठा असा आहे का?"

आत्यानं मनगटावर शाँखा चढवला, भांगात शेंदराची रेघ ओढली. मंगळसूत्र पांढऱ्या रंगानं पुसलं. आजी हलली नाही.

जाहिरात छापून आली. आजीनं ती धरून बघितली आणि म्हणाली, "अंगठा आता बरा आहे."

नोकरी मिळाली. भाड्याचं घर घेतलं. साताऱ्याला कोणी गेलं नाही. बाबा इथेच वाढले, मी इथेच जन्मले.

आत्या निवृत्त होईपर्यंत जाहिराती करत राहिली. लग्न केलं नाही. त्याची कारणं तिनं सांगितली नाहीत, मी विचारली नाहीत.

आता कार्ड.

फॅमिली ग्रुपवर टेम्प्लेट आलंय. समई, पांढरी फुलं, राखाडी ढग. सोबत कुणाच्या तरी लग्नातला आत्याचा फोटो. त्यात ती आहेर घेऊन उभी आहे आणि अजिबात तिच्यासारखी दिसत नाही.

सकाळपासून मी तोच फोटो लावतेय आणि काढतेय.

बघणारा कोण आहे? मराठी मंडळातली माणसं. खालच्या मजल्यावरच्या काकीमा. स्टुडिओतले उरलेले दोघे-तिघे. तिच्याकडे घरी शिकून गेलेल्या मुली.

शेवटी मी माझ्या फोनमधला एक फोटो घेतला. आत्या ब्रश धरून रेघ ओढतेय. मनगटापासून पुढचा हात तेवढा ठेवलाय. पांढरी पार्श्वभूमी, खाली नाव. फुलं नाहीत.

बाबांनी बघितलं. "चेहरा कुठे आहे?"

मी म्हटलं, "इकडे हात बघतात."

त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, "पाठव."

या पोस्टसोबत तेच कार्ड आहे. नखाच्या कडेला शाई दिसतेय, ती मी साफ केलेली नाही.

आत्या, नमस्कार करते. न दाखवता पाठवलेलं हे पहिलंच काम.